चिक्कीच्या डब्यातला मोगरा

माझं आणि माझ्या धाकट्या जावेचं कधी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. जिच्याशी भांडता येत नाही तिचा हेवा करावा लागतो, आणि तो मी मनापासून केला.

साठ-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. लोणावळ्याला आमची रेल्वेची खोली होती, एकच. मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा. अलीकडे आम्ही, पलीकडे दीर-जाऊ, आणि सासूबाई जिकडे शेगडी पेटली असेल तिकडे. आमचे हे रेल्वेत, दीर देहूरोडच्या लष्करी डेपोत. लोणावळ्याच्या पावसात बाहेर ठेवलेलं रोप कुजून जायचं, म्हणून मृग लागला की झाडंसुद्धा घरात घ्यावी लागत. पण उजेडाची खिडकी एकच आणि तिची फळी वीतभर रुंद. ती फळी धाकटीनं आल्या वर्षीच बळकावली होती. बळकावली म्हणजे विचारून घेतली, पण मला ते सारखंच.

तिचा भाऊ चिक्कीच्या कारखान्यात होता. पोचे आलेले, झाकण हरवलेले डबे तो बहिणीला आणून द्यायचा. ती त्यांच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडायची. बी घालायचं ते मुठीत मावेल अशा डब्यात. चार पानं फुटली की तांब्याएवढा डबा. भोकातून मुळं डोकावली की त्याहून मोठा. मिरची, तुळस, पुदिना, सगळं त्या वीतभर फळीवर नांदायचं. सासूबाई येईल त्याला पडदा सारून दाखवायच्या. "आमच्या धाकटीच्या हाताला लय गुण हाय!" मी आंदर मावळातली, शेतकऱ्याची लेक. ती बाजारपेठेत वाढलेली, मातीशी तिचा संबंध पाय ठेवण्यापुरता. आणि गुण तिच्या हाताला! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या उन्हाळ्यात माझी आई गेली. पाठोपाठ भावानं सांगितलं, "गोठा वाढवायचा हाय, मोगरा काढावा लागंल." तो मोगरा आईनं न्हाणीच्या पाण्यावर वाढवला होता. सकाळी आई अंगणात असली की तो वास असायचा, वास आला की आई असायची. आषाढात मी चिखल तुडवत माहेरी गेले आणि त्याच्या चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. त्यानंतर आठवड्याभरात झाड तुटलं. आता आईचं जे काही उरलं ते त्या फडक्यात होतं.

ते मी पोचे आलेल्या डब्यात लावणार? वनस्पती तुपाचा मोठा चौकोनी डबा घरात होता, झाकणासकट धड. आगोटीचा, पावसाळ्याच्या बेगमीचा तांदूळ भरायचा तो डबा. मी तो रिकामा केला. मात्र त्याला भोक पाडायला हात धजेना. आमच्याकडे धड डब्याला खिळा ठोकणं म्हणजे भरल्या घरात भांडं फोडणं, आणि पुढं त्यात पुन्हा तांदूळ भरायचाच होता. मी बुडाला खडे घातले, वर डबाभर माती आणि मधोमध तीन काड्या. डबा फळीवर मावेना, म्हणून खिडकीखाली स्टुलावर ठेवला. आमच्या ह्यांचा गुडघा रोज त्याच्यावर आपटायचा.

धाकटी म्हणाली, "जाऊबाई, एवढ्या मातीतलं पाणी ही एवढीशी काडी पिणार कशी? तान्ह्या बाळाला कुणी बापाचा कोट घालतं का? माझा छोटा डबा घ्या ना."

"ऱ्हाऊ दे. आमच्याकडं खाचरं असत्यात, डबे न्हाईत."

चौथी काडी वाकडी होती, साल सोललेली. ती मोरीपाशी पडली होती. "ही मी घेऊ?" तिनं विचारलं.

"घे. टाकायचीच हाय."

श्रावणभर ऊन पडलं नाही. धुकं खोलीत येऊन बसायचं. माझी माती वरून हिरवी झाली, मग तिला वास सुटला. काड्या एकेक करून काळ्या पडल्या. शेवटची उपटली तेव्हा बुडाशी नुसता गाळ होता. पडद्यापलीकडे मुठीएवढ्या डब्यात त्या वाकड्या काडीला दोन पानं आली होती. सासूबाईंनी माझा डबा पाहिला आणि म्हणाल्या, "शेतकऱ्याची लेक ना तू? भाताचं रोप आधी वाफ्यात दाटीनं वाढवत्यात, मंग खाचरात लावत्यात. एवढं बी ठावं न्हाई?" ठाऊक होतं. कंबर मोडेस्तोवर लावणी केली होती मी. म्हणूनच ते जास्त झोंबलं.

धाकटीनं तो मोगरा तीनदा मोठ्या डब्यात हलवला. पुढच्या चैत्रात कळी धरली. पहिलं फूल तिनं देवाला वाहिलं, दुसरं माझ्या अंबाड्यात खोचलं. "तुमच्या आईचं आहे, जाऊबाई." ती खवचट असती तर फूल तिच्या अंगावर फेकता आलं असतं.

मग दिरांना देहूरोडला क्वार्टर मिळालं. सामान बांधताना मोगरा सगळ्यांत शेवटी उचलला गेला. मला राहवलं नाही. "त्यो माझ्या आईचा हाय," मी म्हणाले.

धाकटीनं डबा लगेच खाली ठेवला. पण सासूबाई म्हणाल्या, "आई तुझी, पर जगवला तिनं. धाकटे, तू घिऊन जा गं. हितं मरंल त्यो."

धाकटीनं त्याची एक काडी कापली, बोचक्यातून सगळ्यांत लहान डबा काढून त्यात लावली आणि फळीवर ठेवली. "मुळं भोकातून दिसेपर्यंत हलवू नका," एवढं सांगून गेली.

मी हलवली नाही. तिनं सांगितलं तसंच सगळं केलं, दात-ओठ खात केलं. काडी लागली. तिचं झाड झालं, कारखान्यातल्या मोठ्या डब्यापर्यंत आलं. फुललं की शेजारणी ओंजळ घेऊन यायच्या आणि विचारायच्या, हा कुठला मोगरा? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई सांगायच्या, "धाकटीनं दिलाय."

आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.