सहा महिन्यांचं कलम

भिंगकाकांनी उभ्या जन्मात परदेश पाहिला नव्हता. पण परदेशात गेलेला माणूस आजारी पडला की पुढे काय काय होतं, हे त्यांच्याइतकं त्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात प्रुफं तपासली, त्यातली शेवटची बावीस विमा कंपन्यांच्या पुस्तिकांची. जिन्याखाली एक कोंदट खोली, दोन खुर्च्या, एक दिवा. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने प्रुफावरून भिंग सरकवत जायचं. "रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी, स्वल्पविराम, कंपनीला दूरध्वनी करणे बंधनकारक आहे, पूर्णविराम." दिवसभर हेच. अर्थाकडे लक्ष गेलं की चुका निसटतात, म्हणून अर्थ बघायचाच नाही, असा त्या खोलीचा नियम. काकांना तो कधी जमला नाही. चुकाही सापडायच्या आणि अर्थही डोक्यात बसायचा.

निवृत्त झाल्यावर या बसलेल्या अर्थाला गिऱ्हाईक मिळालं. इमारतीतली निम्मी मुलं परदेशी. आईबाप वर्षाआड निघायचे, आणि निघण्याआधी पुस्तिका घेऊन काकांच्या दारात.

"बॅग हरवल्याचं कलम बघून हुरळू नका," काका सांगायचे. "बॅग गेली तर माणूस नवे कपडे घेतो. दवाखान्याचं बघा. रक्कम त्या देशाच्या मानाने पुरेशी आहे का? पहिला किती खर्च तुमच्या खिशातून? दवाखान्याला पैसे कंपनी परस्पर देते, की आधी तुम्ही भरायचे आणि मग मागत बसायचं? मुक्काम वाढला तर मुदत तिथूनच वाढवता येते का? आणि हे वाचा, मृतदेह परत आणण्याचा खर्च."

"अहो काका, जायच्या आधी काहीतरी चांगलं बोला!"

"चांगलं बोलायला पुस्तिकेचं पहिलं पान आहे की. हसऱ्या म्हातारा-म्हातारीचा फोटो आहे त्यावर."

नजर अधू झाल्यावर मोठ्याने वाचायचं काम काकूंकडे आलं. भाजी निवडता निवडता त्या त्याच एकसुरी आवाजात कलमं वाचायच्या, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आणि मधेच, "हे लिहिणाऱ्याला बायको नसणार, इतकं लांब वाक्य कुणी घरात ऐकून घेत नाही," असं स्वतःचं घुसडायच्या. काका म्हणायचे, "मजकुरात नाही ते वाचू नकोस." बाई हुशार होती. शिकलेली होती, शाळेत गणित शिकवायची, लेकीसाठी नोकरी सोडली होती. बोलून दाखवायची नाही.

ती लेक परदेशात. लग्नाला अकरा वर्षं झालेली, तीनदा पोटातलं गेलेलं, आणि आता चौथ्यांदा दिवस राहिलेले, आठवा महिना लागलेला. तिचा फोन आला तेव्हा तिने लांबण लावलीच नाही. "आई, तू ये. बाकी कुणी नको, काही नको. तू हवीस."

काकूंनी त्याच दुपारी माळ्यावरून बॅग काढली. जुन्या मऊ चादरी फाडून दुपटी शिवायला घेतली. चौदा दुपटी. तिकडे सगळं मिळतं हे त्यांना कळत नव्हतं थोडंच.

त्या देशात विम्याशिवाय व्हिसा मिळत नाही. काका कामाला लागले. सात कंपन्यांच्या पुस्तिका जेवणाच्या टेबलावर मांडल्या, आणि रोज सकाळी चहानंतर दोघं बसायला लागले. अडचण एकच होती. काकूंच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी जाळी बसवलेली. चार कंपन्यांनी तेवढ्यावरच हात झटकले. दोन कंपन्यांनी विमा देऊ म्हटलं, पण हृदयाचं काहीही झालं तर आम्ही नाही.

"म्हणजे दात दुखला तर चालेल," काकू म्हणाल्या.

सातवी कंपनी जुन्या दुखण्यालाही पैसे देणार होती, जिवावर बेतलं तर. ते पान काकू वाचत होत्या. "मात्र प्रवास सुरू होण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत, स्वल्पविराम, सदर आजारावरील औषधात कोणतीही वाढ किंवा घट..."

आणि थांबल्या.

"पुढे?"

"पुढे काय? घट झाली असेल तर एक पैसाही नाही."

डॉक्टरांनी साडेतीन महिन्यांपूर्वी गोळी अर्धी केली होती. आता तब्येत छान आहे, अर्धीच पुरे, असं म्हणून. त्या दिवशी दोघांनी येताना आइस्क्रीम खाल्लं होतं.

"मी बरी झाले म्हणून मला जाता येत नाही," काकू म्हणाल्या. "हे काय तर्कट आहे, सांगा मला."

"अडीच महिन्यांनी सहा महिने पुरे होतील. तेव्हा बिनघोर जा."

"बाळंतपण पाच आठवड्यांवर आलंय. बाळाला कळवू का, तुझ्या आजोबांचं कलम पुरं होईपर्यंत थांब म्हणून?"

प्रवास कंपनीच्या कार्यालयातल्या मुलीने तर प्रश्न दोन मिनिटांत सोडवला. काचेमागून तिने फॉर्म सरकवला आणि पेनाच्या टोकाने एक चौकोन दाखवला. 'पूर्वीचा कोणताही आजार.' "काका, इथे 'नाही'वर खूण करा. सगळे तेच करतात. एवढ्याशा प्रवासात काय होतंय?"

काका ताडकन उठले. चौतीस वर्षांत एक चुकीचं अक्षर जाऊ दिलं नव्हतं त्यांनी, इथे तर अख्खा शब्द खोटा. पण नुसती अकड नव्हती ती, हे सांगायलाच हवं. वरच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरसाहेबांनी मुलाकडे जाताना त्याच चौकोनात 'नाही' लिहिलं होतं, साखरेचं दुखणं असताना. तिकडे अठरा दिवस दवाखान्यात काढले. कंपनीने इथल्या डॉक्टरांचे जुने कागद मागवले, आणि एका ओळीचं पत्र पाठवून हात वर केले. मुलाने राहतं घर विकलं. ड्रायव्हरसाहेब परत आले ते जिना उतरायचेच बंद झाले. काका महिन्यातून एकदा वर जाऊन बसायचे त्यांच्यापाशी. ते म्हणायचे, "एक खूण हो. एक खूण केली मी."

हे काकूंनाही माहीत होतं. त्या दिवशी घरी येताना त्या बसमध्ये एकच वाक्य बोलल्या, "तुम्ही मी आजारी पडणार असं धरूनच चाललाय."

"धरूनच चालायचं असतं. विमा म्हणजे दुसरं काय?"

"मग मी जाणार असं कुणी धरायचं?"

काकांनी खिशातली तिकिटं पुन्हा मोजली. घाबरले होते ते, सरळ सांगायचं तर. पण बायकोजवळ घाबरलो म्हणायची त्यांना सवय नव्हती. नियम सांगायची होती.

पुढचे चार दिवस काकू गप्प. काकांना वाटलं, पटलं. चष्म्याचा नंबर चुकावा तसं हे वाटणं चुकलं, कारण पाचव्या दिवशी बॅगेचं वजन करायला म्हणून त्यांनी दुपटी बाहेर काढली आणि तळाशी एक पाकीट हाताला लागलं. छापील कागद दिसला आणि काकांनी तो वाचला नाही, असं कधी झालंच नव्हतं. काकूंच्या नावाचा विमा. स्वतः जाऊन काढलेला. आठवड्यानंतरच्या तारखेपासून नव्वद दिवस. आजाराच्या चौकोनात काकूंच्या शाळामास्तरणी अक्षरात 'नाही', खाली रेघ मारून.

काकू मंडईत गेल्या होत्या. त्या येईपर्यंत काकांनी कंपनीला फोन लावून, नाव-नंबर सांगून, आजार लपवला होता हेही सांगून, तो विमा रद्द केला होता.

काकूंनी पाकीट टेबलावर पाहिलं. पिशवी खाली ठेवली. टोमॅटो एकेक करून टोपलीत लावले.

"केलात?"

"केला. उद्या तुला काही झालं असतं तर पोरीचं घर गेलं असतं."

"बरं."

"अगं, अडीच महिने. त्यानंतरचा काढलाय मी. सगळं खरं लिहून. कुणी बोट ठेवू शकणार नाही."

"बरं म्हटलं ना."

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. काकू दुपटी घडी घालून परत बॅगेत ठेवत होत्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून. काकांना त्या क्षणी खरोखर असं वाटलं की आपण दोघींना वाचवलं.

बाळंतपण सोपं झालं नाही. सव्वीस तास. जावयाला मधेच कामावर जावं लागलं, लेक एकटी. काकू फोन कानाला लावून सोफ्यावर बसल्या होत्या. "हं, आता श्वास सोड. सोड. मी आहे." मधेच रेंज जायची, मग त्या "आहे गं, आहे" असं बंद फोनला म्हणत राहायच्या. शेवटी तिकडच्या नर्सने लेकीचा फोन काढून घेतला. काकूंनी आपला फोन नंतर तासभर हातातच धरला. काका पाणी घेऊन आले तर म्हणाल्या, "ठेवा तिकडे." मुलगी झाली. दोघी सुखरूप. काकूंनी नात पाहिली ती तळहाताएवढ्या काचेवर, आणि पहिलं काय म्हणाल्या, तर, "डोकं धर नीट तिचं. खालून हात घाल. तसं नाही गं!" हे रोज चालायचं. काचेला बोट लावून दाखवायच्या, कुठे धरायचं ते.

नव्या विम्याला नऊ दिवस राहिले असताना, दुपारी पावणेतीनला, काकू स्वयंपाकघरात गॅसजवळ खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. रुग्णवाहिका आठ मिनिटांत आली. दवाखाना दोन रस्ते पलीकडे होता, ओळखीचा. कुणाला आधी फोन करायचा नव्हता, कुठली मंजुरी घ्यायची नव्हती, सगळे जुने कागद तिथेच होते. तरीही काही करता आलं नाही.

डॉक्टर काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. हे कुठेही झालं असतं."

चांगल्या मनाने म्हणाले बिचारे. त्यांना काय ठाऊक. काका त्या दिवसापासून तेच एक वाक्य घेऊन बसले आहेत. कुठेही. म्हणजे तिथेही. पोरीच्या खोलीत, नात मांडीवर असताना.

तेराव्या दिवशी शेजारची बाई आत आली. लेकाकडे निघाली होती, हातात पुस्तिका. "काका, आत्ता विचारू नये, पण परवा भरायचंय. मला रक्तदाब आहे ना थोडासा. लिहू की नको?" काकांनी भिंग उचललं, पुस्तिका पुढे ओढली. मग दोन्ही बाजूला सारलं. "मला विचारू नका," म्हणाले.

"असं काय करता? तुम्हीच तर सगळ्यांना—"

"मला विचारू नका!" तो आवाज ऐकून बाई पुस्तिका तिथेच टाकून गेली.

त्याच्या आधी चार दिवस, ठरलेल्या तारखेला सकाळी सात वाजता काकांच्या फोनवर संदेश आला होता. 'आपले संरक्षण आजपासून सुरू झाले आहे. आपला प्रवास सुखाचा होवो.' काकूंचा तो नवा विमा रद्द करायचा राहून गेला होता. सगळं बरोबर होतं त्यात. एकही चूक नव्हती.

लेकीचा फोन रोज यायचा, ती रडायची. महिन्याभराने एकदा ती रडली नाही. मुलगी मागे कुरकुरत होती. ती म्हणाली, "बाबा, एक विचारू? रागावून नाही विचारत. आईने तो पहिला विमा काढला होता ना, त्याचा फोटो तिने मला पाठवला होता. मी त्या तारखेचं तिकीटही काढलं होतं."

काकांना हे ठाऊक नव्हतं.

"तुम्ही रद्द केलात ते तिने मला सांगितलं. मी म्हटलं, मी बोलते बाबांशी, काही झालं तर आम्ही भरू, घर गेलं तर गेलं. तर मला म्हणाली, त्यांना काही बोलू नकोस. म्हणाली, ते घाबरलेत."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा? बोला ना काहीतरी. तुम्ही का नाही मला विचारलंत? एकदा? घर माझं होतं."

समोर टेबलावर शेजारणीची पुस्तिका तशीच पडली होती. वर हसरे म्हातारा-म्हातारी. बॅग अजून दारामागे उभी होती. दुपटी पाठवायची म्हटलं तर ती उघडावी लागणार होती.

"बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय," काका म्हणाले. आणि पुढे काय म्हणायचं, ते त्यांनी कुठल्याच पुस्तिकेत वाचलेलं नव्हतं. पलीकडे नात रडायला लागली. "थांबा हं," म्हणून लेक उठली, तिने फोन कुठेतरी ठेवला, आणि काका त्या रिकाम्या खोलीचा आवाज ऐकत बसून राहिले, ती फोन उचलायला परत आली नाही तरी.