"आता या मावशींना चिडवून दाखवा"

"मावशी, तुम्ही जरा मध्ये उभ्या राहा. मुलांनो, आता या मावशींना चिडवून दाखवा."

हॉलमध्ये सहावीचा अख्खा वर्ग. भिंतीवर पोस्टर, 'बुलिंग ओळखा, बुलिंग थांबवा.' हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीतून आलेल्या मॅडम माइक धरून हसत होत्या. मी नुसती पाणी ठेवायला आत आले होते. या शाळेत मी फरशा पुसते, बारक्या पोरांना बाथरूमला नेते, कुणी ओकलं तर काढते.

"मला कशाला?" मी म्हणाले.

"अहो, खोटं खोटं आहे. एखाद्या मुलाला उभं केलं तर त्याला वाईट वाटेल ना!"

घ्या! मुलाला वाईट वाटेल म्हणून मी. मला काय, वाटायचं कामच नाही. कडेला उभ्या असलेल्या वर्गाच्या बाईंनी मान हलवली, राहा म्हणून. नोकरी कंत्राटाची. राहिले उभी.

त्या पोरांत माझी सम्यका होती. माझी मुलगी. गरिबाघरच्या पोरांसाठी सरकारनं ठेवलेल्या पंचवीस टक्क्यांतल्या जागेवर इथं शिकते. मला इथं काम लागलं तेव्हा मीच तिला बजावलं होतं, शाळेत मला आई म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं. कळलं तर पोरं तुला जगू देणार नाहीत. मोठी शहाणी मी.

पोरांनी रांग लावली. पहिला लाजला. दुसरा म्हणाला, "ए मावशी, नीट पुस ना, दिसत नाही का?" हशा. मग एका मुलीनं नाक दाबलं. "ई, लांब हो, वास येतो." टाळ्या. "व्हेरी गुड! अजून?" मॅडम म्हणाल्या. एवढुशी पोरं, पण एकालाही शब्द शोधावा लागला नाही. हेच मी रोज जिन्यात ऐकते, आणि ते काही खोटं खोटं नसतं.

माझे कान तापले. राग तर होताच, पण जास्त भीती होती. रांग सरकत होती. सम्यकाच्या पुढे दोन पोरं. मग एक. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिचे ओठ हलत होते. काहीतरी पाठ करत होती.

ती पुढे आली. तोंड उघडलं.

"थांब!"

मी ओरडले.

"ही माझी मुलगी आहे. आणि मॅडम, समोरच्याला नको असताना करतात ते बुलिंग, आत्ताच शिकवलंत ना? मला नको होतं. कुणी विचारलं?"

"अहो मावशी, तुम्ही फार पर्सनली घेताय."

"मग दुसऱ्या कुणी घ्यायचं?"

शाळा सुटल्यावर ऑफिसात बोलावणं आलं. मोठ्या बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "पाहुण्यांची माफी लिहून आणा. नाहीतर सोमवारपासून येऊ नका."

स्वारगेटला बस बदलताना सम्यका म्हणाली, "आई, मी पण म्हणणार होते. वासाचंच. नसतं म्हटलं तर सगळ्यांना कळलं असतं ना." आणि तिथंच, माणसांच्या गर्दीत, रडायला लागली. लपायला मीच शिकवलं होतं. लपून राहायचं तर तिला माझ्यावर हसावं लागणार होतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. त्या मॅडमचा राग आला त्याहून जास्त मला माझा आला.

आज रविवार. त्या कागदावर मी माफी लिहिली नाही. तक्रार लिहिली. कोण काय म्हणालं, शब्द न् शब्द. खाली सही केली. सम्यका शेजारी बसून वाचत होती. "मी पण करू?" म्हणाली.

"विचार कर. उद्या वर्गात तुलाच बसायचंय."

तिनं पेन ओढून घेतलं.

उद्या तो कागद घेऊन आम्ही दोघी फाटकातून एकत्र आत जाणार. मला काढतील, काढू देत. पुण्यात फरशा काय कमी आहेत? पण पोरीची जागा कायद्यानं मिळालेली आहे, कुणाच्या उपकाराची नाही. ती तिथंच शिकणार. आणि तिच्या केसाला जरी कुणी धक्का लावला, तर दुसरा कागद घेऊन मी पुन्हा त्याच ऑफिसच्या दारात उभी असेन.