निबंधातली आई

शाइस्ताला लिहिता येतं, हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे दीपमाला मॅडमनी वार्षिकांकासाठी "स्वतःबद्दल काहीतरी लिही" म्हटल्यावर तिने एका बैठकीत लेख हातावेगळा केला. अंगणातला पारिजात, मामाचं गाव, आजोबांचा खरखरीत हात, सगळं त्यात होतं. मॅडमनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "छान आहे. कोणाचं बालपण हे?"

घ्या! पोरगी कात्रजला, तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. मामा खराडीला, लिफ्टच्या इमारतीत. पारिजात पाहिला तो गाईडमध्ये.

दुसरी कोणी असती तर चिडली असती. शाइस्ताला मात्र भलतंच कुतूहल वाटलं. लिहायला बसलं की आपण दुसऱ्याच्याच घरात का शिरतो? आणि हे कधीपासून चाललंय? आठवत आठवत ती पार पाचवीपर्यंत मागे गेली. तिथे सापडला 'माझी आई' हा निबंध. बाईंनी तो पालकसभेत कौतुकाने वाचूनही दाखवला होता. त्यातली आई पहाटे उठून सडा घालायची, तुळशीला पाणी घालायची आणि दिवसभर स्वयंपाकघरात राबायची. त्या वर्षी वर्गातल्या बहुतेक आया तुळशीलाच पाणी घालत होत्या म्हणा.

आणि खरी आई? नाजिमा. ती बायकांना स्कूटी शिकवते. ओढणी घट्ट गुंडाळायची, वर हेल्मेट चढवायचं आणि शिकणारीच्या मागे बसायचं. हात मोकळे, तोंड चालू. सुरुवातीला बिल्डिंगमधल्या लोकांनी नाकं मुरडली. आता त्यांच्याच सुना तिच्याकडे शिकायला येतात आणि नाजिमा एकीलाही ते ऐकवल्याशिवाय सोडत नाही.

अशी बाई घरात असताना आपण तुळशीवालीला का बोलावलं? हा प्रश्न काही शाइस्ताला स्वस्थ बसू देईना. रविवारी ती सरळ आईच्या मागोमाग मैदानावर गेली.

तिथे अमरावतीहून मुलाकडे राहायला आलेल्या द्वारकाकाकू स्कूटीवर बसून थरथरत होत्या.

"घाबरा काकू, खुशाल घाबरा," नाजिमा मागून सांगत होती, "पण ब्रेकवर हात ठेवून घाबरा."

काकूंनी एक फेरी पुरी केली आणि विश्वविजय केल्यासारख्या पाणी प्यायला गेल्या. आई एकटी सापडली तशी शाइस्ता म्हणाली, "अम्मी, माझा पाचवीतला निबंध आठवतो?"

"न आठवायला काय झालं?"

"सभेत तो ऐकताना तुला काय वाटलं होतं?"

नाजिमा स्कूटीचा आरसा पुसायला लागली. आरसा स्वच्छच होता.

"काय वाटायचं? पोरीला माझी लाज वाटते, एवढं कळलं."

शाइस्ता हबकलीच. लाज वाटत होती का आपल्याला? तिने मनात अगदी कोपऱ्याकोपऱ्यांतून शोधलं. आज खोटं बोलायचं नव्हतं.

"नाही गं अम्मी! लाज नव्हती. निबंधात आपली माणसं घालायची असतात हेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, निबंधाची आई वेगळी असते. सगळ्यांना तीच मिळते."

"खरं?"

"खुदा कसम."

नाजिमा हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "आणि मी वेडी! तेव्हापासून तुला शाळेत सोडायचे ती अलीकडच्या गल्लीत. तुझ्या मैत्रिणींना मी दिसू नये म्हणून. दहावीपर्यंत!"

ती गल्ली, तिथून दप्तर सावरत शाळेपर्यंत चालत जाणं, सगळं शाइस्ताला आठवत होतं. फाटकापाशी गर्दी असते म्हणून आई अलीकडे थांबते, असं तिने आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. जगाला प्रश्न विचारत सुटणाऱ्या पोरीने आईला हे एवढं कधी विचारलं नव्हतं.

"अम्मी, उद्या मला कॉलेजला सोडशील? अगदी फाटकाशी."

"तुमचा वॉचमन तिथे गाडी लावू देत नाही," नाजिमा नाक पुसत म्हणाली.

"लावू नको. नुसती थांबव. मी सावकाश उतरणार आहे."