पत्र्याची पिंड आणि चित्रपटाचा दुसरा भाग

विघ्नहर्त्या गजाननाला आणि वाग्देवी शारदेला प्रथम वंदन. आमच्या गावच्या वाचनालयाची स्मरणिका यंदा निघत आहे. तिच्यासाठी लेख मागायला आलेल्या तरुणांनी विषयही स्वतःच ठरवून आणला होता. "गुरुजी, तुम्ही सिनेमात होता म्हणे. तेच लिहा." मी सिनेमात नव्हतो. सिनेमासाठी उभारलेल्या एका देवळात मात्र होतो, आणि त्या देवळातून देव हलवण्याच्या प्रसंगी विधी सांगण्याचे काम माझ्याकडे होते. ते लिहिण्याजोगे आहे, म्हणून लिहितो.

गोष्ट एकोणीसशे सत्तरच्या दशकातली. हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. आम्ही परभणी जिल्ह्यात मोडत असू. औंढ्याजवळच्या एका शाळेत मी संस्कृत शिकवीत होतो आणि लोकांच्या घरची धर्मकार्येही करीत होतो. त्या उन्हाळ्यात सिद्धेश्वर धरणाचे पाणी फार खाली गेले. पूर्णेच्या पात्रातली एरवी बुडालेली जमीन उघडी पडली: वाळून तडकलेला काळा गाळ, मधूनमधून गुळगुळीत खडक, झाडझुडूप कुठेच नाही. मुंबईच्या काही मंडळींना आपल्या विज्ञानपटासाठी परग्रह हवा होता. त्यांनी आमचे धरण पाहिले आणि शोध थांबवला.

हा चित्रपट एका जुन्या चित्रपटाचा दुसरा भाग होता. पहिला भाग आमच्याकडे कोणीही पाहिलेला नव्हता. त्याची कथा मला कलादिग्दर्शकांनी सांगितली. देखावे उभारणारे हे गृहस्थ कोल्हापूरकडचे, पन्नाशीतले, बोलायला मोकळे. पहिल्या भागात दूरच्या ताऱ्यावरचे सात प्रवासी पृथ्वीवर उतरतात आणि परत जाताना त्यांचे एक लहान यान मागे राहते. दुसऱ्या भागात हजार वर्षांनी त्यांचे वंशज आपल्या ओसाड ग्रहावरून ते यान शोधत पृथ्वीवर येतात. ते कुठेच सापडत नाही; कारण जमिनीबाहेर राहिलेले त्याचे टोक देव मानून गावकऱ्यांनी त्याच्याभोवती देऊळ बांधलेले असते. शेवटी देऊळ कोसळते, पिंडीचे कवच फुटते आणि आतला धातू दिसतो.

मी विचारले, "गावकऱ्यांचं चुकलं, असं तुम्हाला म्हणायचं आहे का?"

"चुकलं की नाही ते प्रेक्षक ठरवतील, गुरुजी. मला फक्त या पात्रात देऊळ उभं करायचं आहे. त्यावरचा शिलालेख संस्कृतात पाहिजे, आणि तो खरा पाहिजे. मुंबईत कोणी काही खरडून दिलं तर जाणकार हसतील."

हे म्हणणे मला आवडले. मी एक अनुष्टुभ रचून दिला. पहिल्या भागात त्या यानाच्या अंगावर सात, एक, दोन असे आकडे रंगवलेले होते. ते लेखात यावेत, पण सरळ दिसू नयेत, अशी त्यांची इच्छा होती. आपल्याकडे जुन्या लेखांत आकडे शब्दांनी सांगण्याची रीत आहे आणि ते उलट्या क्रमाने वाचायचे असतात. म्हणून मी नेत्र, चंद्र आणि ऋषी हे शब्द त्या क्रमाने श्लोकात बसवले. नेत्र दोन, चंद्र एक, ऋषी सात. कलादिग्दर्शकांना याचा इतका आनंद झाला की त्यांनी ती ओळ स्वतःच्या हाताने कोरली.

त्या देवळात अशा पुष्कळ गोष्टी दडवलेल्या होत्या. भिंतीवर सप्तर्षी होते, पण त्यांची कुंडले नीट पाहिली तर ती पहिल्या भागातल्या सात प्रवाशांच्या शिरस्त्राणांवरची कानांची झाकणे आहेत असे कळे. सभामंडपातली घंटा म्हणजे त्या यानाच्या दिव्याची वाटी होती. गाभाऱ्यातली पिंड तर खोटी नव्हतीच. पहिल्या भागातल्या यानाचे पत्र्याचे टोक मुंबईहून ट्रकने आणून, त्यावर प्लास्टर चढवून, काळा रंग दिलेला होता. ज्याने पहिला भाग मन लावून पाहिला, त्याला दुसऱ्या भागातून कोणीतरी नमस्कार केल्यासारखे वाटावे, असे कलादिग्दर्शक म्हणत. काही गोष्टी मात्र कोणी न दडवताच राहून गेल्या. परग्रहाच्या क्षितिजावर डावीकडे एक म्हैस उभी आहे. ती सिद्धेश्वरचीच. चकाकत्या पोशाखातले परग्रहवासी वैशाखाच्या उन्हात घामाने निथळत आणि दर दृश्यानंतर खडकाआड बसून ताक पीत, हे पडद्यावर कोणाला कळणार?

चित्रीकरण सुरू होण्यापूर्वी मंडळींनी देवळासमोर नारळ फोडला. मी गणेशपूजन सांगितले. ते कार्य निर्विघ्न पार पडावे म्हणून होते. तेथे कोणत्याही देवाची स्थापना झाली नव्हती. काठावरच्या भोई वस्तीतली माणसे लांब उभी राहून हे पाहत होती. त्यांतल्याच एका वयस्क बाईंना झाडलोट करण्यासाठी आणि पाणी भरण्यासाठी कामावर घेतले होते. नवरा आणि मुलगा धरणात मासे धरत. बाई ठेंगण्या, आवाजाने खणखणीत; सगळे त्यांना मावशी म्हणत.

काही दिवसांनी रंगारी कुरकुर करू लागला. पिंडीच्या माथ्याचा रंग रोज उडत होता. तो सायंकाळी रंग देई आणि दुसऱ्या दिवशी माथा पुन्हा पांढरट दिसे. पुढे प्लास्टरला बारीक चीर गेली, आतला पत्रा गंजला आणि खाली शाळुंकेपर्यंत एक तांबूस ओघळ उतरला. कलादिग्दर्शक हवालदिल झाले. दिग्दर्शक मात्र हिंदीत म्हणाले की हजार वर्षांचे देऊळ आता कुठे दिसू लागले आहे, याला हात लावू नका. चित्रपटात तो ओघळ स्पष्ट दिसतो.

ओघळाचे कारण एका सोमवारी सकाळी कळले. गाभाऱ्यात मावशी तांब्याने पाणी घालत होत्या आणि त्यांच्यामागे वस्तीतल्या आणखी काही बाया फुले घेऊन बसल्या होत्या. त्याच दिवशी मावशींच्या घरी आनंदाची बातमी होती. त्यांच्या सुनेची दोन मुले जन्मताच गेली होती. या खेपेला मावशींनी पिंडीपुढे नवस बोलला होता, रोज पाणी घातले होते, आणि औंढ्याच्या दवाखान्यात सून सुखरूप बाळंत झाली होती. मुलगा होता. मावशींनी कलादिग्दर्शकांना पेढा दिला, आणि ते बाहेर येऊन मला म्हणाले की आता पंचाईत आहे. कारण पिंड फोडण्याचे दृश्य दोन दिवसांवर आले होते. वरच्या येलदरी धरणातून पाणी सुटणार असल्याची सूचना पाटबंधारे खात्याने दिली होती. त्यानंतर पात्रात काहीच उरणार नव्हते.

पिंडीत सुरुंगाची दारू भरायला माणसे आली आणि मावशींना प्रकार कळला. त्या गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. मला बोलावणे आले. मी पोहोचलो तेव्हा कलादिग्दर्शक त्यांच्यासमोर उकिडवे बसून समजावत होते.

"मावशी, हा देव नाही हो. आत पत्रा आहे. वरून प्लास्टर लावलं, रंग दिला."

"तुमच्या आत काय हाय ते आमी कधी इचारलं का?"

मागच्या बाया हसल्या. मावशी हसल्या नाहीत. मला पाहताच म्हणाल्या, "या गुरुजी. नारळ फुटला, पूजा तुमीच सांगितली, मंग देव न्हाई कसा? मी रोज पानी घातलं. लेकरू जगलं. आता हे दारू लावून उडवून राहिले. त्या लेकराला काई झालं, तर मी सुनंला काय सांगू?"

 एवढा वेळ जिला आम्ही चित्रपटाची अडचण समजत होतो, ती त्या लेकराची गोष्ट होती.

कलादिग्दर्शकांनी मला बाजूला घेतले. "गुरुजी, एक करता येईल. मावशी घरी जेवायला जातात तेव्हा उडवून टाकू. नंतर रडतील, पण होऊन जाईल."

"आणि उद्या त्या मुलाला नुसता ताप आला तरी ती माऊली स्वतःला आणि तुम्हाला दोष देत बसेल. ते नको."

"मग तुम्हीच सांगा की तिथे देव नाही. तुमचं ऐकतील."

तसे सांगणे सोपे होते आणि अर्धे खरेही होते. प्राणप्रतिष्ठा झालेली नव्हती. परंतु आपण पार्थिवपूजा करतो तेव्हा मातीची पिंड सकाळी करतो, आवाहन करतो, पूजतो आणि मग देवाला निरोप देऊन तीच माती पाण्यात सोडतो. माती देव होती का, असे कोणी विचारत नाही. ज्याने भक्तीने बोलावले त्याच्याकडे देव येतो, आणि निरोप दिला की पात्र मोकळे होते. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करतानाही देव आधी कलशात घेतात, मगच मूर्तीला हात लावतात. माझ्या मनात कसलाच संशय उरला नाही. मी परत गाभाऱ्यापाशी गेलो आणि मावशींच्या समोर जमिनीवर बसलो.

"मावशी, आत पत्रा आहे हे खरं. तुम्ही बोलावलंत आणि देव आला, हेही खरं. ही दोन्ही खरी असली तर भांडण कुठे आहे?"

"मंग?"

"मग ज्याने बोलावलं त्याने त्याला इथून उठवायचं. घर पाडायच्या आधी आपण घरातली माणसं बाहेर काढतोच की. देव कलशात घ्यायचा आणि तुमच्या घरी न्यायचा. मागे राहील तो नुसता पत्रा. तो फुटला तर त्या लेकराशी त्याचा काही संबंध नाही."

"तुमी करा मंग. आमाला मंतर येत न्हाई."

"पाणी घालताना कोणता मंत्र म्हणत होता?"

"कोन्ता म्हननार? बोलत व्हते आपलं."

"त्याच बोलीत निरोप द्या. मी शेजारी बसतो. बोलावणं तुमचं होतं, माझं नव्हतं."

 मावशींनी एका बाईला घरी पाठवून तांब्याचा कलश आणवला. तोवर दिग्दर्शकांना हे सारे कळले होते आणि त्यांना ते चित्रित करायचे होते. देऊळ पडण्याआधी गावातली एक बाई देव घेऊन निघून जाते, असे दृश्य त्यांच्या कथेत नव्हते, पण असायला हवे होते, असे ते म्हणाले. मी सांगितले की हे मावशींना विचारा. कलादिग्दर्शकांनी विचारले.

मावशी म्हणाल्या, "काडा. पर लांबून काडा. आन् आमाला मधी बोलू नका."

पूर्णेचे पाणी कलशात भरले. मी संकल्प सांगितला, उत्तरपूजा सांगितली, पिंडीवर अक्षता वाहायला लावल्या. मग मी थांबलो. मावशींनी कलश पिंडीला टेकवला आणि रोजच्यासारख्या बोलू लागल्या.

"देवा, उठा आता. हितं ऱ्हायाची सोय न्हाई उरली. आमच्याकडं चला. जागा लहान हाय, सगळीकडं जाळ्यांचा वास हाय, तेवढा सांबाळून घ्या. लेकरू बी तितंच येनार हाय. तुमी आलात मंजे त्याच्यावर नजर ऱ्हाईल."

एवढेच. कलशावर पान ठेवून त्या उठल्या आणि चालू लागल्या. बाया त्यांच्या मागे निघाल्या. त्या देवळाच्या बाहेर पडतात न पडतात तोच दिग्दर्शक लगबगीने आडवे आले. ऊन नीट पडले नव्हते. दारातून बाहेर येणे तेवढे पुन्हा करावे, अशी त्यांनी हात जोडून विनंती केली.

"देव काय रोज रोज घर बदलत असतो व्हय?" मावशी म्हणाल्या आणि न थांबता पुढे गेल्या. दिग्दर्शक स्वतःशीच हसले आणि बाजूला झाले. चित्रपटात ते दृश्य जसे मिळाले तसेच आहे, थोडे काळवंडलेले.

दुपारी पिंड फोडली. मावशी पाहायला आल्या नाहीत. त्या सुनेकडे औंढ्याला गेल्या होत्या. पत्र्यावर सात, एक, दोन हे आकडे जसेच्या तसे निघाले आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्या आठवड्यातच पाणी आले आणि सप्तर्षी, घंटेचा खांब, माझा श्लोक, सारे पूर्णेने पोटात घेतले. मला त्याचे वाईट वाटले नाही. रिकामे झालेले पाण्यात जावे हेच योग्य.

पुढच्या वर्षाच्या शेवटी तो चित्रपट वारंगा फाट्यावर तंबूच्या टॉकीजमध्ये लागला. सिद्धेश्वरहून माणसे बैलगाड्या जुंपून आली होती. परग्रह पाहून सगळ्यांनी आपापले काठ आणि खडक ओळखले, म्हशीच्या मालकाने तर उभे राहून म्हैस दाखवली. मी पुरुषांच्या बाजूला बसलो होतो. मध्ये फक्त कापडाची एक कनात होती आणि पलीकडून मावशींचा आवाज सहज ओळखू येत होता. नातू त्यांच्या मांडीवर असावा, कारण "पडद्याला हात लावू नको" असे त्या त्याला सारख्या बजावत होत्या.

शेवटी देऊळ हादरले. खांब पडले. पिंडीला तडा जाऊ लागला तेव्हा तंबूत कुजबूज झाली. बऱ्याच लोकांनी हात जोडले. कनातीपलीकडे एक बाई घाबऱ्या आवाजात म्हणाली, "अगं बया, देवाला फोडून राहिले की. पोराला झाक, पोराला झाक."

"काहून झाकू?" मावशी म्हणाल्या. "पाहू दे की त्याला. त्याच्यात कुनी न्हाई."

पत्रा उघडा पडला, आकडे चमकले, आणि ते पोरगं मोठ्याने हसले.

वाचकहो, हा वृद्ध आपणा सर्वांसाठी एवढेच मागतो. आपल्या घरी जे लेकरू असेल ते निर्भय वाढो; आपण ज्या बोलीत देवाला हाक मारता, त्या बोलीला तो ओळख देवो; घर लहान असो वा मोठे, त्यात धान्य, पाणी आणि एकमेकांवरची माया कधी उणी न पडो. श्रीसिद्धेश्वराची कृपादृष्टी आपल्या उंबऱ्यावर अखंड राहो.