बाबा गेले, मी राहिले

“पावणं पिशवी इसरून गेलं वाटतं,” आण्णा ओसरीवरून म्हणाले आणि घरामागे पंप बघायला निघून गेले.

खांबाआडून दिसणारी ती पिशवी माझ्या हातात होती. पाहुणे विसरले होते ते मला.

बाबांच्या मोटरसायकल क्लबची रविवारची सफर होती. मंचरहून निघायचं, राजुरीला एका सभासदाच्या सासुरवाडीत चहा घ्यायचा आणि परतताना आळेफाट्यावर मिसळ खायची. सगळे सभासद पन्नाशीचे, त्यामुळे वेग कमी आणि चहा जास्त. सगळ्यांच्या मागे बाबांची गाडी. कुणी मागे राहत नाही ना, हे बघायची जबाबदारी त्यांची होती. (हे वाक्य पुन्हा वाचलंत तरी चालेल.)

बाबांच्या मागे मी. मी फारशी बोलत नाही. इंग्रजी शाळेत गेल्यामुळे माझं वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं, मग मराठीत येतं, मग मी त्याचं व्याकरण तपासते. तोवर समोरचा माणूस जेवून झोपलेला असतो. म्हणून आमची एक पद्धत होती. बाबांनी विचारायचं, “बसलीस?” आणि मी त्यांच्या पाठीवर दोन थापा मारायच्या. की गाडी निघाली!

त्या दिवशी चहा झाला, गाड्या धडधडायला लागल्या. मी पिशवी आणायला ओसरीवर गेले. बाबांनी हेल्मेट चढवून विचारलं, “बसलीस?” नेमकी तेव्हाच घरमालक आण्णांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. “या राव परत!” आणि आपुलकीने आणखी एक.

झालं. बाबा धुरळ्यात दिसेनासे झाले.

मोबाइल तेव्हा नवीनच आलेले; अख्ख्या क्लबात एकच होता, बाबांचा. तो पिशवीत होता. मी तो हातात धरून उभी राहिले, जणू तो स्वतःहून काहीतरी करेल. तेवढ्यात आण्णांच्या मंडळी, काकू, गोठ्यातून आल्या.

“आगं, तू हितंच? तुजं बाबा कुटं हायेत?”

मी वाक्य जुळवलं, तपासलं आणि हळूच म्हणाले, “बाबा गेले.”

काकूंनी माझ्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. हातातली बादली खाली ठेवली.

“आगं बाई! कदी?”

“आत्ताच.”

“आत्ता तर च्या पिऊन गेलं की! कशानं गं?”

“मोटरसायकलने.”

काकूंनी असा हंबरडा फोडला, की गल्ली गोळा झाली! आण्णा पंप सोडून धावत आले. “आवं, आत्ता म्या पाठीवर थाप मारली व्हती!” ते मटकन खाली बसले. शेजारची एक म्हातारी म्हणाली, “लई गुणाचा माणूस. च्याला एकदाबी न्हाई म्हणला न्हाई.”

आता मात्र खुलासा करणं भाग होतं. मी सगळा धीर एकवटला. “नाही काकू, जिवंत गेले.”

“आयकलं का?” काकू गल्लीला म्हणाल्या, “शेवटपत्तूर जित्तं व्हतं म्हणती!”

त्यानंतर मी बोलणं सोडून दिलं. काकूंनी मला कुशीत घेतलं, पदराने माझे डोळे पुसले आणि दूध-भाकरीचा काला पुढ्यात ठेवला. “खा बाळा. आमी हाओत न्हवं?” बाबा परत आलेच नाहीत तर, या भीतीने मला खरंच रडू येत होतं, आणि भूकही लागली होती. मी दोन्ही केलं.

तिकडे गावातला दुधाचा टेम्पोवाला अपघात शोधत आळेफाट्यावर पोचला. तिथे क्लब मिसळ खात होता. मी हात धुवायला गेले असेन, असा सगळ्यांचा समज!

“हितं कुनी मोटरसायकलवाला गेला का वो? त्याची पोरगी राजुरीत एकटी रडती हाय.”

“अरेरे!” बाबांना भरून आलं. “केवढी आहे हो बिचारी?”

“आसंल कालेजातली. पर बोलत काय न्हाई बगा.”

बाबांचा घास थांबला. त्यांनी शेजारी पाहिलं. माझी मिसळ गार होत होती.

थोड्याच वेळात सगळा क्लब पुन्हा राजुरीत. सगळ्यांत पुढे बाबा! त्यांना बघताच काकू किंचाळल्या, “जित्तं हायेत की!” त्या पुन्हा रडल्या, या वेळी आनंदाने, आणि लगेच कडाडल्या, “पोरगी हाय का पिशवी वो? आशी इसरत्यात व्हय?”

“चुकलो, वहिनी,” बाबा म्हणाले, आमची दोन थापांची पद्धत सांगितली आणि कितीतरी वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

निघताना काकूंनी पिशवीत शेंगा कोंबल्या. “आता थापा नगंत. त्वांडानं सांगायचं, कळलं?”

मला त्यांचे आभार मानायचे होते. परक्या मुलीसाठी इतकं कोण रडतं? पण वाक्य तयार होईना, म्हणून मी सरळ त्यांच्या गळ्यात पडले. तेवढ्यात बाबांनी गाडीवरून विचारलं, “बसलीस?”

अख्खी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी भाषांतर केलं नाही, व्याकरण तपासलं नाही. गोठ्यातल्या म्हशीने मान वळवली, इतक्या जोरात ओरडले, “बसले!”

गल्लीने टाळ्या वाजवल्या. बाबांनी खुशीत क्लच सोडला. मी अजून काकूंच्या गळ्यातच होते.

“अहो बाबा, थांबा! मी बसले नाहीये!”