सर्वर कोणासाठी थांबलाय

भुताखेताचं कुणी सांगायला लागलं, की ‘आधी लॉग दाखव, कॉम्प्युटरने केलेली नोंद दाखव’ म्हणणारा मी माणूस. त्यामुळे हे इथे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण कुठेतरी सांगायलाच हवं.

मी भंडाऱ्यात राहतो, मोठा भाऊ विलासदादा नदीपलीकडे कारध्याला. आम्ही दोघं आणि आंधळगावचे दोन मित्र मिळून राज्य वसवण्याचा एक ओपन सोर्स गेम ऑनलाइन खेळायचो. सगळ्यांचा खेळ चालवणारा सर्वर माझ्याच घरी, जुन्या कॉम्प्युटरवर. एकाने ‘झालं’ दाबल्याशिवाय पुढच्याची पाळी येत नाही. दादानंतर माझी पाळी. दुसऱ्याचं राज्य अंधारात असतं, त्याने आपणहून दाखवलं तरच दिसतं. दादा मला कधीच दाखवायचा नाही. म्हणायचा, तुले दाखवलं तं उद्याच चढाई करशीन.

पाळी कोणाकडे अडली आहे, हे मात्र सर्वर सांगायचा नाही. स्क्रीन नुसती काळी. दादा वैतागायचा.

“मुका हाय का बे तुया सर्वर? कोनासाठी थांबून राहिला, ते सांगत काहून नाही?”

कोड सगळ्यांना खुला, म्हणून मीच हात घातला. बरंच डोकं फोडून एक ओळ आणली — ‘अमक्याची वाट पाहत आहे’. दादा जाम खूश झाला.

मग दादाच्या मेंदूत रक्तस्राव झाला. नागपूरला व्हेंटिलेटरवर ठेवलं. घरी स्क्रीनवर माझीच ओळ — ‘विलासची वाट पाहत आहे’. त्याच्या जागी कॉम्प्युटरला खेळू द्यायची सोय असते, ती वापरायची का, असं मित्रांनी बिचकत विचारलं. मी वहिनीला विचारलं.

“नका देऊ भाऊजी त्याइचा डाव कोनाले,” ती म्हणाली. “पाहू द्या वाट.”

मग मला वेडच लागलं. ती ओळ आहे तोवर दादा आहे, हेच धरून बसलो. लाइट गेली तरी सर्वर चालावा म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातलं, सर्वरच्या खोलीत कुणाला फिरकू देईना.

एका दुपारी नागपूरहून कपडे न्यायला घरी आलो, तर ओळ बदललेली. तिथे माझं नाव होतं. दादाची खेळी झाली होती — आणि त्याचं सगळं राज्य, नदी, गावं, शेतं, मला उघडं दिसत होतं.

तो शुद्धीवर आला, असंच वाटलं मला. आनंदाने नागपूरला फोन लावायला घेतला. तेवढ्यात वहिनीचा फोन आला. ती नुसती रडत होती.

त्याचा लॅपटॉप कारध्याच्या कुलूपबंद घरात होता, मोबाइल वहिनीच्या पिशवीत बंद. पासवर्ड त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. कोड मी ओळीनओळ तपासला, लॉगही पाहिला. लॉगमध्ये दादाचं नाव आहे... कुठून आलं, ते नाही. मला आजही काही कळलेलं नाही.

खेळ तिथेच अडलाय. मी ‘झालं’ दाबलं, की फिरून पुन्हा दादाचं नाव येईल आणि मग ते तिथेच राहील. माझ्याच्याने दाबवत नाही. मित्रही घाई करत नाहीत.

दादा, तो आता मुका नाही रे. कोणासाठी थांबलाय, ते रोज सांगतो.