शेवंताबाईंचं चौथं शील

जबलपूरच्या गढा भागात, जिथं दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरावं लागतं अशा गल्लीत शेवंताबाई राहत. नवरा फॅक्टरीत होता, तो नोकरीत असतानाच गेला. मुलगा रत्नाकर रिछाईच्या एका कारखान्यात लेथवर. सून विनीता गोंदियाची, लग्नाला चार वर्षं झालेली. एवढाच संसार. पण शेवंताबाईंचं नाव पार चेरीतालपर्यंत पोचलेलं होतं, आणि ते त्यांच्या हातामुळं.

कुणाची बेंबी सरकली की शेवंताबाईंना बोलावणं यायचं. जड घागर उचलली, पाय घसरला, आणि मग पोटात कळा सुरू झाल्या की बायका म्हणत, बेंबी सरकली. शेवंताबाई त्या बाईला उताणं झोपवत, बेंबीत अंगठा रोवून आतला ठोका शोधत, तेलाच्या हातानं पोट दाबून तो जागेवर आणत आणि शेवटी बेंबीवर पेटता दिवा ठेवून वर तांब्या पालथा घालत. तांब्या पोटाला घट्ट चिकटला की काम फत्ते. ही विद्या त्यांनी भंडाऱ्याकडच्या आपल्या आईकडून घेतलेली. पैसा घेत नसत, चहासुद्धा घेत नसत. "अम्मा के हाथ में गुन है," असं हिंदी शेजारणी म्हणाल्या की मात्र बाईंची मान जराशी वर जायचीच. फुकटात एवढी किंमत मिळाली तर कुणाची जाणार नाही?

रत्नाकरला हे अजिबात खपत नसे. "आई, बंद कर हे. एखाद्या दिवशी कोणाच्या तरी जिवावर बेतेल," असं तो एकदा चार माणसांदेखत बोलला. त्यावर शेवंताबाईंनी आठ दिवस अबोला धरला आणि नवव्या दिवशी समोरच्या घरातल्या पोरीची बेंबी बसवून दिली.

चौऱ्याण्णव सालच्या नोव्हेंबरात एका सोमवारी सकाळी विनीता कणीक मळता मळता पोट धरून बसली. बेंबीभोवती दुखत होतं. दोनदा उलटी झाली. शेवंताबाईंनी हात लावायच्या आधीच निदान केलं. रत्नाकर त्या आठवड्यात डबल शिफ्टला होता, घरी यायचा तो नुसता झोपायला.

"आई, डाक्टरला दाखवू न," विनीता म्हणाली.

"डाक्टर काय करते? दोन गोळ्या देते. बेंबी सरकली तुही. लेट इथं."

त्यांनी दाबलं. तांब्या चिकटला. पण दुखणं थांबलं नाही. मंगळवारी ते बेंबीपासून खाली उजवीकडं उतरलं, अंगात कणकण आली, विनीता कमरेत वाकून चालायला लागली. शेवंताबाई म्हणाल्या, बेंबी उजवीकडं गेली. पुन्हा दाबलं, पहिल्यापेक्षा जोरात. विनीता ओरडली तेव्हा त्यांनी तिच्या तोंडात पदराचा बोळा दिला, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. "रत्नाकरला नको सांगू," त्या म्हणाल्या, "त्याचं कामात ध्यान राहणार नाही." खरं म्हणजे त्यांना त्याची बोलणी नको होती.

बुधवारी सकाळी विनीताला उठताच येईना, तेव्हा रत्नाकरनं ऑटो आणला. दवाखान्यात तिला स्ट्रेचरवर घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, "दर्द कब से है, माताजी?"

शेवंताबाईंनी मुलाकडं पाहिलं. तो अगदी शेजारी उभा होता.

"आज सबेरे से," त्या म्हणाल्या.

"किसी ने पेट की मालिश तो नहीं की? दबाया?"

"नहीं, डाक्टर साहब."

दोन वाक्यं. बोलायला श्वाससुद्धा लागला नाही.

डॉक्टरांनी हिशेब केला तो सकाळपासूनचा. आजच दुखायला लागलंय, तर सुया देऊ, रक्त तपासू, संध्याकाळपर्यंत बघू. दुपारी विनीताचं दुखणं एकाएकी कमी झालं. शेवंताबाईंचा जीव भांड्यात पडला. नर्सला त्या आपण होऊन सांगायला गेल्या, अब आराम है. मनात तर हेही आलं, की कालच्या दाबण्याचा गुण उशिरा आला असावा. तासाभरात विनीताला हुडहुडी भरली, पोट पाटासारखं कडक झालं, आणि धावपळ सुरू झाली. अपेंडिक्स आतल्या आत फुटलं होतं. थोडा वेळ बरं वाटलं ते त्यामुळंच.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर बाहेर आले ते चिडूनच. "ये आज का नहीं है. कम से कम दो दिन पुराना है. सबेरे बता देते तो मैं सबेरे ही खोल देता." आता पोटात पू पसरला होता, नळी ठेवावी लागली होती, आणि पुढचे दोन-तीन दिवस काही सांगता येत नव्हतं.

रत्नाकर भिंतीला टेकला. म्हणाला, "ही अशीच आहे. सगळं अंगावर काढते. बोलत नाही."

शेवंताबाई तिथंच होत्या. तेव्हा तोंड उघडलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि रडल्या, आणि त्या रडण्याचा अर्थ जो तो आपापल्या सोयीनं लावत गेला.

तीन दिवसांनी विनीता नीट शुद्धीवर आली तेव्हा रत्नाकर प्रेमानंच रागावला, "काहून सांगितलं नाही तू? मी काय मेलो होतो?" विनीतानं एकदा सासूकडं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. त्या पाहण्यात राग होता की नुसता थकवा, हे शेवंताबाईंना कळेना. स्ट्रेचरवर तिनं ते ऐकलं होतं का? की कळांनी तिला काही उमगलंच नव्हतं? विचारायची हिंमत नव्हती.

मग शेवंताबाईंनी सेवा केली, आणि ती अशी केली की सगळा वॉर्ड बघत राहिला. विनीताला तोंडानं पाणी बंद होतं तेव्हा ओल्या कापसानं ओठ भिजवले. खोकला आला की पोटाशी उशी धरली, म्हणजे टाके ताणणार नाहीत. गॅस सरल्याशिवाय तोंडात काही द्यायचं नव्हतं, आणि डॉक्टर रोज सकाळी मोठ्यानं विचारत, "हवा पास हुई?" विनीता लाजून भिंतीकडं तोंड करी. सहाव्या दिवशी ती हळूच म्हणाली, "झाली." शेवंताबाईंनी ही बातमी वॉर्डभर सांगितली. त्या दिवशी पहिल्यांदा विनीता हसली, आणि हसताना टाके दुखले म्हणून लगेच रडली. त्या रडण्यानं शेवंताबाईंच्या काळजाचं पाणी झालं. जितकी सेवा करावी तितकी त्यांची तारीफ होई, आणि जितकी तारीफ होई तितका घास घशाखाली उतरेना. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी विनीताला बोले, "बाई, वेळेवर सांगायचं न!" आणि मग त्यांच्याकडं वळून म्हणे, "तुम्ही होत्या म्हणून." विनीता गप्प. शेवंताबाईही गप्प.

चौदा दिवसांनी घरी आणलं. दवाखान्यातली बॅग विनीतानं खाटेखालीच ठेवली, उघडू दिली नाही. एकदा झाडताना बॅग जड लागली. गोंदियाचा भाऊ छोट्या लाइनच्या, नॅरोगेज गाडीनं तिला आरामाला माहेरी न्यायला येणार होता, त्याचीच तयारी असेल, असं शेवंताबाईंनी धरलं.

दर रविवारी त्या पांढरी साडी नेसून बुद्धविहारात जात. पंचशील त्यांना लहानपणापासून पाठ, झोपेत उठवलं तरी म्हणतील. पण घरी आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी चौथ्या शीलाशी त्यांची जीभ अडली. मी खोटं बोलण्यापासून दूर राहीन. सगळे एका सुरात म्हणत होते, आणि त्या ओठ मिटून पुढच्या शीलाची वाट बघत होत्या. दुसऱ्या रविवारीही तसंच. तिसऱ्या रविवारी त्यांनी नुसते ओठ हलवले, आणि ते तर गप्प बसण्यापेक्षा वाईट वाटलं.

त्याच्या पुढच्या रविवारी रत्नाकरबरोबर विनीताही आली. हळूहळू, पोटावर हात धरून, आणि सासूच्या शेजारी बसली. चौथं शील आलं. शेवंताबाई थांबल्या. त्यांना बाजूचा विनीताचा आवाज स्वच्छ ऐकू आला. तिनं ते शील शेवटपर्यंत म्हटलं.

वंदना झाल्यावर बायका सतरंजीवर टेकल्या. त्यांतल्या राधाबाईंचा आवाज मुळातच भाषणाला केलेला. त्या म्हणाल्या, "विनीता, एवढं लपवत असतात का, बाई? ही सासू होती म्हणून वाचली तू. नाही तर आज तुह्या नावानं बसलो असतो आपण इथं."

विनीता सतरंजीचा दोरा उपसत राहिली.

"राधाबाई," शेवंताबाई म्हणाल्या, "तिनं नाही लपवलं."

आवाज फाटला होता, पण आता तो थांबेना. "दोन दिवस ती म्हणून राहिली होती, डाक्टरकडं चला. मी म्हणे बेंबी. दोन दिवस मी पोट दाबलं तिचं. वरडली तर तोंडात पदर कोंबला. अन् डाक्टरनं विचारलं, तर मी खोटं बोलली. आज सकाळपासून दुखते म्हटलं. पोरानं ऐकू नये म्हणून. ती मेली असती तरी मी तेच म्हटलं असतं, इतकी भेकड आहे मी."

विनीताच्या दुखण्याच्या थोडंच आधी जिच्या पोराची बेंबी त्यांनी बसवली होती, तिनं त्या पोराला ओढून मांडीवर घेतलं. पुरुषांच्या बाजूला रत्नाकर उभा राहिला, चपला शोधल्या आणि सायकल काढून एकटाच निघून गेला. पुढं महिनाभर तो आईशी कामापुरतंच बोलला.

सासूसुना पायी घरी आल्या. विनीता पुढं, शेवंताबाई दोन पावलं मागं. घरी आल्यावर विनीता खाटेवर बसली, दम लागला होता.

"स्ट्रेचरवर मी सगळं ऐकून राहिली होती, आई."

शेवंताबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. "मग काहून नाही बोलली तू? नवऱ्याला तरी सांगायचं न, पोरी. सगळे तुलेच बोलत होते."

"मी सांगितलं असतं तर तुम्ही पकडल्या गेल्या असत्या, बस. तुम्ही आपल्या तोंडानं सांगता का, ते पाहायचं होतं मला." "चार रविवार पाहिले. बुधवारी भाऊ येते. त्याच्यासंग गेली असती तर वापस नव्हती येणार."

तिनं पायानं खाटेखालची बॅग पुढं सरकवली. "यातलं कपाटात लावून द्या. मला वाकता येत नाही."

शेवंताबाई खाली बसल्या. त्यांनी चेन उघडली. आत नेसायच्या साड्या होत्या, सगळ्या चांगल्या, लग्नातली हिरवीसुद्धा. सर्वांत खाली प्लास्टिकच्या पिशवीत दहावीची मार्कशीट होती.

"ही कुठं ठेवू?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"वरच्या कप्प्यात ठेवा," विनीता म्हणाली. "पुन्हा लागली तर हाताशी असू द्या."